सम तिथीचं पिस्तूल

डॉक्टरांचा कोट नेहमी उजव्या बाजूने ओघळलेला असायचा. खिशात काहीतरी जड आहे, हे कुणालाही लांबून कळावं इतका. त्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी बाई तर कोटाकडे नुसती नजर टाकून मला सांगायची, “टुडे इट्स द वी वन.” तिकडे उत्तर आयर्लंडमध्ये सगळंच ‘वी’ असतं, म्हणजे इवलंसं. चहाचा कप वी, पोटातलं दुखणं वी, आणि आमच्या डॉक्टरांच्या खिशातलं पिस्तूलसुद्धा वी. ही गोष्ट निम्म्या गावाला ठाऊक होती. डॉक्टर मात्र खोलीचं दार लावून, आवाज अगदी खाली आणून मला बजावायचे, “हे बघ, कुणाला पत्ता लागता कामा नये. लपवून बाळगायचं म्हणजे लपवून.”

मी मिरजेला डॉक्टरकी शिकून तिकडे गेलो होतो. ऐंशीच्या दशकातला मधला काळ. इंग्लंडमध्ये कुठे डाळ शिजेना, तेव्हा बेलफास्टपासून तासाभरावरच्या त्या गावात, हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नोकरी मिळाली. तिथे तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचं पेटलेलं, रोज काहीतरी फुटायचं, कुणीतरी कुणाला मारायचं. इंग्लंडमधले डॉक्टर तिकडे यायला नाखूश असत, म्हणून आमच्यासारख्यांना लगेच घेत. गावात मराठी घर एकच, या डॉक्टरांचं. ते मूळचे नगरचे, पन्नाशी उलटलेले, गावचे जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर. फोनवर माझं आडनाव ऐकल्याबरोबर त्यांनी “रविवारी जेवायला ये” म्हणून सांगितलं, पत्ता दिला आणि वर म्हणाले, “येताना सरळ येऊ नकोस.” मला वाटलं, रस्ता बंद असेल.

सरळ न जाणं हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. जी.पी.चं काम सांभाळून ते पोलिसांचेही डॉक्टर होते. पकडून आणलेल्या माणसांना तपासायचं, कुणाला मार बसला असेल तर तसं स्पष्ट लिहून द्यायचं, असं ते काम. ते करणारा माणूस तिथे दोन्हीकडच्यांच्या डोळ्यांत खुपायचा. एक दिवस दोन पोलीस येऊन सांगून गेले, डॉक्टर, बाहेर तुमच्या नावाची चर्चा आहे. रोज एकाच वेळी निघू नका, एकाच रस्त्याने जाऊ नका, गाडीत बसण्याआधी खाली बॉम्ब लावलेला नाही ना, वाकून बघा. स्वतःच्या रक्षणासाठी पिस्तूल बाळगायचा परवानाही त्यांना मिळाला. इंग्लंडमध्ये खिशात पिस्तूल घालून हिंडलं तर माणूस थेट आत जाईल, पण तिथे ज्यांच्या जिवाला धोका होता त्यांना ते बाळगता यायचं.

दुसरा कुणी असता तर त्याने हे ऐकलं असतं, जमेल तेवढं पाळलं असतं. डॉक्टरांनी त्याचा धर्म केला. “सवय म्हणजे मारेकऱ्याला दिलेला पत्ता,” हे त्यांचं लाडकं वाक्य. घरापासून दवाखाना गाडीने पाच मिनिटांवर होता. डॉक्टरांना पाऊण तास लागायचा. कधी तळ्याला वळसा घालून, कधी शेतांमधून, ट्रॅक्टरच्या मागे रांगत. एकदा बटाट्याच्या शेतात गाडी रुतली, तर ज्या शेतकऱ्याने ती ओढून काढली त्याचं ब्लडप्रेशर तिथेच बांधावर तपासून आले. इकडे दवाखान्यात पेशंट खोळंबलेले. केस कापायला दर खेपेस वेगळं गाव, त्यामुळे डोक्याला कधी एक आकार म्हणून आला नाही. घरातसुद्धा जेवायला रोज वेगळी खुर्ची. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, हातात ताट घेऊन उभ्या.

“अहो, आज बसताय तरी कुठे?”

“खिडकीकडे पाठ नको,” म्हणत डॉक्टर टेबलाभोवती एक घिरटी घालायचे आणि शेवटी काकूंच्याच खुर्चीत बसायचे.

गाडीखाली बघायला त्यांनी हातातल्या काठीला दाढीचा आरसा बांधला होता. तेवढ्याने समाधान होत नसे, म्हणून जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, सुटाबुटात गुडघे टेकायचे आणि डोकं पार खाली न्यायचे. समोरच्या घरातल्या म्हातारीला वाटायचं, हा यांच्या प्रार्थनेचा प्रकार असेल. तिने एकदा काकूंना मोठ्या आदराने विचारलंसुद्धा, की तुमच्यात गाडीची पूजा रोज सगळ्यांना करावी लागते का, की फक्त पुरुषांना?

आता मुद्दा पिस्तुलांचा. एक असतं तर काही प्रश्न नव्हता, पण डॉक्टरांकडे दोन होती. परवान्यावर मिळालेलं एक चपटं, छोटं पिस्तूल, आणि ते नेमबाजीच्या क्लबात जायचे तिथलं एक रिव्हॉल्वर. रोज एकच बाळगणं म्हणजे सवय, आणि सवय म्हणजे पत्ता. म्हणून आलटून पालटून बाळगायचं. वाराप्रमाणे बदलावं, तर वार जगाला माहीत. तारखेप्रमाणे बदलावं, तर तारीखही माहीत. क्लबातलं हत्यार असं खिशात घालून हिंडायचं नसतं, हा मुद्दा त्यांच्या लेखी फुटकळ होता. शेवटी त्यांनी तोड काढली ती तिथीची. विषम तिथीला रिव्हॉल्वर, सम तिथीला पिस्तूल, आणि एकादशीला दोन्ही कपाटात.

“एकादशीला का नाही, सर?” मी विचारलं होतं.

“उपवास म्हणजे उपवास,” ते म्हणाले. “आणि मला सांग, अख्ख्या उत्तर आयर्लंडमध्ये आज पंचमी आहे की षष्ठी, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?”

अडचण एवढीच होती, की ज्यात तिथी बघायची ते मराठी कॅलेंडर त्यांचे बंधू नगरहून बोटीच्या पोस्टाने पाठवायचे आणि ते मार्चमध्ये पोचायचं. तोवर डॉक्टर चंद्राकडे बघून भागवत. त्या मुलखात जानेवारीत चंद्र दिसणं म्हणजे लॉटरीच. मग मला कॅज्युअल्टीत फोन यायचा. “अरे, तुमच्या बाजूला ढग फाटलेत का? कोर दिसते का बघ जरा. उद्या खिशात काय घालायचं ते ठरवायचंय.” मी खिडकीतून मान बाहेर काढून आकाश न्याहाळायचो आणि नर्सेस एकमेकींकडे बघायच्या. हे आमच्या देशाचे लोक आहेत, आणि मीही त्यांच्यातलाच, या विचाराने माझे कान तापायचे.

पोलिसांतला एक इन्स्पेक्टर डॉक्टरांचा दोस्त होता. लाल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा माणूस. काकूंच्या कांदाभज्यांसाठी जीव टाकायचा. भजी खाता खाता त्याची आणि डॉक्टरांची दर महिन्याला एकदा तरी याच विषयावर जुंपायची.

“डॉक्टर, पिक वन,” तो म्हणायचा. “एक निवडा आणि जन्मभर तेच बाळगा.”

त्याचं म्हणणं साधं होतं. रिव्हॉल्वरचा चाप दाबला की गोळी सुटते. पिस्तुलाला बाजूला सेफ्टीचा एक लहानसा खटका होता. तो आधी अंगठ्याने खाली ढकलायचा आणि मगच चाप दाबायचा. खटका वर असेल तर चाप कितीही दाबा, काही होत नाही. “वेळ येते ना, तेव्हा डोकं पळून जातं,” इन्स्पेक्टर म्हणायचा. “मागे राहतो तो फक्त हात. त्या बिचाऱ्याला दोन भाषा शिकवू नका.”

“मी चार भाषा बोलतो, इन्स्पेक्टर,” डॉक्टर ताठ बसून म्हणाले, “आणि एकीत दुसरी मिसळू देत नाही.” हे त्यांनी ज्या इंग्रजीत सांगितलं तिच्यात दोन शब्द मराठी होते.

मग सराव. मागच्या शेडमध्ये गोळ्या काढून ठेवून डॉक्टर खिशातून पिस्तूल उपसायचे आणि स्वतःच मोठ्याने म्हणायचे, “अंगठा, बोट. अंगठा, बोट.” विषम तिथीला नुसतंच “बोट. बोट. बोट.” स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असलेल्या काकूंना ते ऐकू यायचं. “एका बायकोवर तीस वर्षं काढली,” त्या मला म्हणायच्या, “आणि पिस्तुलं दोन लागतात ह्यांना.” डॉक्टर आत येऊन थेट ताटावर बसायला लागले की त्या लाटणं रोखायच्या. “अहो, आधी हात धुवा.”

पुढे मी इंग्लंडमध्ये आलो, लंडनच्या कडेला पिनरला घर घेतलं, आणि तिथल्या मराठी मंडळींच्या पार्ट्यांमध्ये हे सगळं सांगू लागलो. लोक पोट धरून हसायचे. “अरे, ते तिथीवाले डॉक्टर सांग ना!” अशी फर्माईश व्हायची. आरसा, म्हातारी, चंद्राची कोर, एकादशी. मी नकलाही बऱ्या करायचो. पण दर वेळी इथपर्यंत आलो की थांबायचो. यापुढचं मी कुणाला सांगत नसे. बायकोलाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. कशाची, ते सांगणं कठीण आहे, कारण जे घडलं ते माझ्या हातून घडलं नव्हतं.

तो दसरा होता. त्या वर्षी नवमी लागोपाठ दोन दिवस आली होती. खंडेनवमीला डॉक्टरांनी पाटावर स्टेथोस्कोप, ब्लडप्रेशरचं यंत्र, काकूंची शिवणाची कात्री आणि दोन्ही पिस्तुलं मांडून, हळदकुंकू वाहून रीतसर पूजा केली. पूजा आटोपल्यावर रिव्हॉल्वर खिशात गेलं, आणि दुसऱ्या दिवशीही नवमीच म्हणून तेच राहिलं. शेडमध्ये दोन दिवस “बोट, बोट” चाललं होतं. तिसऱ्या दिवशी दशमी लागली. सम तिथी. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे रिव्हॉल्वर कपाटात ठेवलं आणि पिस्तूल खिशात घातलं.

मी दुपारी कामावरून सुटलो. हॉस्पिटलच्या कुंपणाला बीचची झाडं होती. ऑक्टोबरात त्यांची पानं तांबूस पिवळी होतात. आपल्याकडे आपट्याच्या हिरव्या पानाला सोनं म्हणावं लागतं, इथे पानं दिसायलाच सोन्यासारखी. त्यातली चांगली बघून मी पाच-सहा तोडली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. संध्याकाळी डॉक्टरांकडे जेवायला जायचंच होतं. पण बाहेर पडतो तर कार पार्कमध्ये त्यांचीच गाडी, आणि गाडीपाशी आरसा घेऊन वाकलेले डॉक्टर. कुणा पेशंटला बघायला आले असणार. सणाचा दिवस, मी घरापासून हजारो मैल लांब. वाटलं, आज त्यांना पहिलं सोनं आपणच देऊ.

भुरभुर पाऊस होता, वारा होता. मी कोटाची टोपी डोक्यावर ओढून घेतली होती आणि भराभर चालत होतो. “सर!” म्हणून हाक मारली, ती वाऱ्यात गेली असावी. पावलं ऐकून डॉक्टर उठले आणि वळले, तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो आणि माझा उजवा हात कोटाच्या आत, छातीपाशी होता.

त्यांना काय दिसलं ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त पिस्तूल दिसलं. ते खिशातून निघालं कधी, हेही समजलं नाही. माझ्या छातीसमोर ते अगदी स्थिर होतं, आणि त्यामागचा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. चापावरच्या बोटाचं नख पांढरं झालं. मग सैल पडलं आणि पुन्हा पांढरं झालं. अंगठा मात्र जागचा हलला नाही.

काहीच झालं नाही. आवाजही झाला नाही.

माझा हात बाहेर आला तो पानं घेऊनच. घाबरलेला हात जिकडे निघाला होता तिकडेच गेला. तोंडातून शब्दही तेच निघाले, “सर, सोनं घ्या.”

डॉक्टरांनी पानांकडे पाहिलं. मग त्यांनी पिस्तूल उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं, कारण सोनं डाव्या हाताने घेत नाहीत, आणि उजवा हात पुढे केला. मी त्यावर पानं ठेवली. आणि लहानपणापासून दर दसऱ्याला जे करत आलो तेच केलं. वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“औक्षवंत हो,” ते म्हणाले.

त्यांनी ते मुद्दाम म्हटलं नाही. कुणी वाकलं की मोठ्या माणसांच्या तोंडून ते आपोआप येतं. पण म्हणून झालं, आणि मग ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. मला वर बघवेना. लहान असताना मी एकदा चुकून न्हाणीघराचं दार ढकललं होतं आणि आत आजोबा उघडे उभे होते. तेव्हा झालं होतं तसं काहीतरी झालं. मेलो असतो, ही भीती पुढे आठवडाभर मला झोपू देईना. पण ती नंतर आली. आधी आली ती लाज, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

गाडीत त्यांनी मला शेजारी बसवलं. पानं अजून त्यांच्या मुठीत होती.

“मी दाबला,” ते म्हणाले.

“जाऊ द्या हो, सर.”

“दोनदा. तू पाहिलंस.”

“मला काही नाही दिसलं, सर. मी पानं काढत होतो.”

“अरे, तू माझ्यासमोर उभा होतास.”

“पाऊस होता, सर.”

त्यांच्यावर उपकार करतोय अशीच माझी समजूत होती. वडीलधाऱ्यांचं असं काही नजरेला पडलं तर पडलं नाही म्हणायचं, एवढंच मला घरी शिकवलेलं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चावी फिरवली आणि पाच मिनिटांत आम्ही घरी पोचलो. काकूंनी श्रीखंड केलं होतं. आम्ही दोघांनी ते खाल्लं, छान झालंय म्हणून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही पिस्तुलं पोलिसांकडे नेऊन दिली. इन्स्पेक्टर घरी आला तो भज्यांना हात न लावता बोलत राहिला. धोका गेलेला नाही, डॉक्टर. मी एक निवडा म्हटलं होतं, एकही नको असं म्हटलं नव्हतं. डॉक्टर ऐकून घेत होते. तो गेल्यावर मला म्हणाले, “त्याचं म्हणणं बरोबर होतं. अगदी अक्षरशः तसंच झालं. डोकं पळालं, हात राहिला, आणि हाताला भाषा आठवली नाही.” आणि पुढे म्हणाले, “पण त्याचं ऐकून मी एकच बाळगलं असतं, तर तू मेला असतास. माझं चुकलं म्हणून तू वाचलास. आता मी काय समजायचं?”

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. ते हसले नाहीत.

त्यानंतर डॉक्टर बदलले. रोज एकाच वेळी घरातून निघायचे, एकाच रस्त्याने जायचे, काच खाली करून. गाडीखाली बघणं बंद. आरसा काठीवरून सोडून पुन्हा दाढीसाठी घेतला. जेवताना खिडकीकडे पाठ करून, ठरल्या खुर्चीत. ज्या माणसाने सवयीला मारेकऱ्याला दिलेला पत्ता म्हटलं होतं, तो आता रोज स्वतःचा पत्ता वाटत हिंडत होता. गावाला वाटलं, काय धीराचा माणूस! हॉस्पिटलच्या ख्रिसमसच्या जेवणात कुणीतरी उठून त्यांना गावातला सगळ्यात शूर माणूस म्हटलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर टेबलाच्या त्या टोकाकडून माझ्याकडे बघत होते. मी बशीतल्या बटाट्यांकडे बघत होतो.

काकूंनी मला एकदा स्वयंपाकघरात गाठलं. “तुला काही बोललेत का रे? दोन वर्षं त्या पिस्तुलांनी डोकं खाल्लं माझं, पण निदान जिवाची काळजी तरी करत होते. आता हे असं चाललंय, जसं काही कुणी यावं म्हणून वाट बघतायत.” त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, “नाही काकू, मला काहीच नाही बोलले.” आणि त्यांनी दिलेला डबा घेऊन बाहेर पडलो.

कुणी आलं नाही. चर्चा विरली म्हणा, नाहीतर नशीब म्हणा. वर्षभराने मला इंग्लंडमध्ये नोकरी लागली आणि मी निघालो. डॉक्टरांचा दर दिवाळीला फोन यायचा. मुलंबाळं, हवा, काकूंचे गुडघे, सगळं बोलून झालं की ते विचारायचे. “तुला कधी आठवतं का रे?” “काय, सर?” “काही नाही. ठेवतो.” दर वर्षी हेच. फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हणायचो, म्हातारा हळवा झालाय.

नव्वदच्या दशकात तिकडच्या मारामाऱ्या थांबत आल्या, डॉक्टर रिटायर झाले आणि एकदा काकूंसह लंडनला आले. मी रविवारी जेवायला बोलावलं. वीसेक माणसं होती. सगळ्यांना तिथीवाले डॉक्टर प्रत्यक्ष बघायचे होते. त्याच सुमारास इकडे पिस्तूलबंदीचा कायदा झाला होता आणि लोक आपापली पिस्तुलं पोलीस स्टेशनात जमा करत होते, त्यामुळे विषय निघायला वेळ लागला नाही. मंडळी त्यांना एकेक किस्सा आठवण करून देत होती आणि डॉक्टर हातातली मसालेभाताची बशी तशीच धरून, मान हलवत होते. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकून उभी होती. “आजोबा, बाबा सांगतो तुमच्याकडे दोन गन होता. रिअली?”

“होत्या.”

“मग तुम्ही कोणाला शूट केलं?”

लोक हसले. डॉक्टरांनी बशी खाली ठेवली.

“केलं,” ते म्हणाले. “तुझ्या बाबांना.”

यावर तर हशाच पिकला. कुणीतरी माझ्या पाठीत थाप मारली.

“सो यू मिस्ड!” मुलगी म्हणाली.

“नाही गं. नेम बरोबर होता. मी चाप दाबला, दोनदा. ती उडाली नाही.”

हसणं एकेक करून थांबलं. त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता. काकूंनी पदर खाली घेतला.

मुलीने मात्र गंभीरपणे विचार केला. शाळेत तिला जे शिकवत तेच तिला आठवलं असणार. “मग तुम्ही सॉरी म्हटलं?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “राहून गेलं.”

“बट यू हॅव टू.”

“हो ना,” म्हणून ते खुर्चीचा हात धरून उठले. गुडघे धरले होते, वेळ लागला. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, दोन हातांवर.

“सॉरी,” ते म्हणाले.

आणि मी, बसमध्ये कुणाचा पाय आपल्या पायावर पडला की इथे म्हणतात तसं, लगेच म्हणालो, “नो, नो, इट्स ऑल राइट, सर.”

“ऑल राइट नाही ते,” डॉक्टर म्हणाले. “तसं म्हणू नकोस. इतकी वर्षं मी एकट्यानेच पाहिलंय असं वाटतंय मला. वेड लागायची पाळी येते. तूही पाहिलंस, एवढंच सांग.”

खोलीतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. माझी बायको हातात कढीचं भांडं घेऊन दारात उभी होती. काकू माझ्याकडे बघत होत्या, डॉक्टरांकडे नाही. कान तापले होते, जमीन दुभंगावी असं वाटत होतं. पाऊस होता म्हणावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

“हो, सर,” मी म्हणालो. “पाहिलं. दोन्ही वेळा.”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना रडू फुटलं, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखं आवाज करून. कुणी भिंतीकडे बघू लागलं, कुणी आपल्या ताटात. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.